पिशवी कुणी धरायची

"हे काय बांधलंय कमरेला? बैलाचा साज?" बाबर आण्णांनी विचारलं, आणि सेक्शन ऑफिसच्या अंगणातले सगळे खो खो हसले.

सकाळचे साडेआठ वाजले होते. अंकुश गाडीच्या टपावर शिडी बांधत होता, तो हात सोडून बघायला लागला. माझ्या कमरेला निवारीचा रुंद पट्टा होता आणि पट्ट्यावर सात छोट्या छोट्या पिशव्या. रेक्झिनच्या. दोन लाल, एक पिवळी, तीन काळ्या, आणि एक तर वाघाच्या पट्ट्यांची. माझा नवरा मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवतो, त्याच्याकडे जे तुकडे उरले होते त्यांतच भागवायचं होतं. रंग जुळवायला मी काय लग्नाला चालले नव्हते.

"साज नाही आण्णा, सामान आहे," मी म्हटलं.

"सामान पिशवीत असतं."

"आजपासून कमरेला असणार."

"बरं बरं. सकाळी सकाळी डोकं खाऊ नको. पिशवी घे आणि गाडीत बस. साहेब खांबापाशी पोचलेसुद्धा असतील."

भिंतीवरच्या खिळ्याला सेक्शनची खाकी पिशवी अडकवलेली होती. मी ती काढली आणि आण्णांच्या हातात दिली. त्यांचा हात सवयीनं वजन पेलायला खाली गेला आणि तसाच वर आला.

"रिकामी आहे?"

"काल संध्याकाळी केली. सगळं माझ्या कमरेला आहे."

आता हसायचं थांबलं. आण्णांनी पिशवीत तोंड घालून बघितलं, जणू मी खोटंच सांगत होते. मग माझ्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षं लाइनवर काढलेला माणूस, रागावला की मिशीचं एक टोक चावायचा. ते त्यांनी चावायला घेतलं.

"आज चाचणी आहे, द्वारका. आज तमाशा करू नको."

"आज चाचणी आहे म्हणूनच केलंय," मी म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.

वीज कंपनीच्या त्या सेक्शनला मी लागले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. आयटीआय केलेलं, ट्रेनिंग सेंटरला खांबावर चढून दाखवलेलं, चढण्याचा दाखला फाइलीत. आमच्या करंजवडीच्या पंचक्रोशीत वायरमन बाई कुणी बघितली नव्हती. पहिल्या दिवशी आण्णांनी मला ती खाकी पिशवी दिली आणि म्हणाले, "ही सांभाळायची." मला वाटलं, मान दिला.

तिकडची रीतच अशी होती. वर जाणारा माणूस फक्त पक्कड घेऊन जायचा. बाकी सगळं खाली, पिशवीत. तो वरून ओरडायचा, "पाना!" खालच्यानं पिशवीत हात घालायचा, पाना शोधायचा, दोराला बांधायचा, वरच्यानं ओढून घ्यायचा. मग "तार!" मग "टेप!" नवीन माणूस सहा महिने पिशवी धरायचा, मग कुणीतरी त्याला म्हणायचं, चल रे, आज तू चढ. माझ्यासोबतच लागलेला अंकुश पाचव्या महिन्यात चढला.

मला कुणी म्हणालं नाही.

आणि ती पिशवी! तिच्यात पाने, पकडी, टेस्टर, तारेची वेटोळी, फ्यूजचे तुकडे, नटबोल्ट, हातमोजे, कुणाचा तरी गेल्या वर्षीचा तंबाखूचा पुडा, सगळं एकत्र. एकदा बाजाराच्या दिवशी भर चौकात आण्णा वर होते आणि त्यांनी बांधायची तार मागितली. मला सापडेना. वरून हाकांवर हाका. शेवटी मी सगळी पिशवी रस्त्यावर पालथी केली, टेस्टर घरंगळत गटारात गेला, आणि आण्णा खांबावरून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडले, "अगं, पिशवी आहे का भंगाराचं दुकान? हिला जमिनीवर सापडत नाही, ही वर काय दिवे लावणार!" भाजीवाल्या बायकासुद्धा हसल्या. मी घरी जाऊन रडले. रागानं रडले, हे सांगून ठेवते, दुःखानं नाही.

त्याच आठवड्यात मी हणमंताच्या, म्हणजे नवऱ्याच्या, मशिनवर बसले आणि पिशवीत घालायला छोट्या पिशव्या शिवल्या. कामाप्रमाणे. फ्यूजचं सगळं एकीत, तारा एकीत, पाने एकीत. ओरडा आला की अख्खी पिशवी धुंडाळायची नाही, एक छोटी काढायची. पंधरा दिवसांत माझा हात असा बसला की वरच्यानं "पा" म्हणावं आणि पाना दोरावर असावा.

मला वाटलं, आता म्हणतील, बाई हुशार आहे, चढू दे.

कसलं काय! झालं ते भलतंच. सेक्शनमध्ये मलाच मागणी सुरू झाली. "गेजगे बाई खाली पाहिजेत." "बाई असल्या की काम अर्ध्या वेळात होतं." वादळानं खांब पडले तर दोन दोन गाड्या माझ्यासाठी भांडायच्या. मी आपली खूश. अडीच वर्षं! माझ्या हातानं मी पिशवी इतकी चांगली लावली की तिच्याखालून मला कुणी उठूच देईना. इतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही, आणि तो डोळ्यांसमोर यायला ठवकर साहेब लागले.

ठवकर साहेब आमचे ज्युनिअर इंजिनिअर. भंडाऱ्याकडचे, वयानं माझ्याएवढेच, स्वभावानं गरीब. लाइनवर नेमणूक पक्की करायची चाचणी अंकुशची आणि माझी एकाच दिवशी ठरली होती; तिच्या आठ दिवस आधी त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं आणि गोड बातमी द्यावी तसं म्हणाले, "बाई, तुमचं काम होऊन राहिलं. आण्णांनी शिफारस लिहिली तुमची."

मी कागद वाचला. साहित्य व्यवस्था उत्कृष्ट. खांबावरील कामाचा अनुभव नाही. भांडार विभागात नेमणूक योग्य.

"म्हणजे स्टोअर?" मी विचारलं.

"हो ना. पंख्याखाली. ऊन नाही, पाऊस नाही. चाचणी तर नावापुरती जी, तुम्ही नेहमीसारखं खाली राहा, मी टिक करतो. एकदा नेमणूक झाली की मग तुम्हाला कोणी त्रास देणार नाही."

एकदा नेमणूक झाली की झाली, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. स्टोअरमधून लाइनवर परत आलेलं माणूस मी अजून बघितलेलं नाही.

घरी सांगितलं तर हणमंता म्हणाला, "बरंच झालं की! शेजारी मला विचारतात, बायको तारेला चिकटली तर काय करशील म्हणून."

"मी नटबोल्ट मोजायला आयटीआय केलं का?"

"मग काय करणार आहेस?"

"निवार किती आहे तुझ्याकडे?"

त्यानं माझं तोंड बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. सेक्शनची पिशवी मी त्या दिवशी घरीच आणली होती; रात्रीचं जेवण होईपर्यंत आम्ही तिच्यातल्या सगळ्या छोट्या पिशव्या बाहेर काढल्या होत्या. प्रत्येकाच्या पाठीला त्यानं निवारीच्या दोन पट्ट्या शिवल्या, पट्ट्यांना टिचबटणं. टिच केलं की कमरेच्या पट्ट्यावर बसतं, ओढलं की सुटतं. फ्यूजचं काम असलं तर दोनच लावायच्या, तारेचं असलं तर पाच, उगाच सगळं अंगावर वागवायचं नाही. वर गेल्यावर नजर कामावर असते, हातात मोजे असतात, म्हणून प्रत्येकीच्या झाकणावर मी वेगळी खूण शिवली. एकीवर गाठ, एकीवर दोन गाठी, एकीवर जुन्या कोटाचं बटण. दिवसा त्या सेक्शनच्या पिशवीतच असायच्या; पण आठ दिवस रोज संध्याकाळी त्या घरी आणून, परसातल्या कडुलिंबाला शिडी लावून मी चढत होते आणि हणमंता खाली उभा राहून ओरडत होता, "टेस्टर! पाना! टेप!" आणि मी डोळे मिटून काढत होते.

"मी शिवलंय खरं," तो म्हणाला, "पण पडलीस तर माझ्या शिलाईला नाव ठेवू नको."

चाचणी डाळिंबाच्या एका बागेच्या कडेला होती. दोन खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर तडकले होते, ते बदलायचे. एक अंकुशनं, आणि दुसरा, कागदावर माझ्या नावाचा असला तरी सगळ्यांच्या मनातून आण्णांनी. परमिट घेतलेलं होतं, लाइन बंद, दोन्ही बाजूंना अर्थिंग केलेलं. ठवकर साहेब झाडाखाली पॅड घेऊन उभे होते. माझ्या कमरेकडे बघून म्हणाले, "हे काय लावून राहिल्या बाई?"

"सामान आहे साहेब."

"पिशवी कुठाय?"

"आण्णांकडे आहे. रिकामी."

अंकुशसाठीही मी पट्टा आणला होता. तो म्हणाला, "मी नाही बाबा बायकांचा कंबरपट्टा घालणार," आणि नेहमीसारखी खिशात पक्कड खोचून शिडीनं वर गेला. वरून नेहमीसारखा ओरडला, "पाना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता माणूस वर टांगलेला असताना मी काही सूड उगवणारी नाही. मी पान्यांची पिशवी टिचकन काढली, अख्खीच्या अख्खी दोराला बांधली आणि वर पाठवली. त्यानं पाना काढला आणि पिशवी हातात धरून बावळटासारखा इकडेतिकडे बघत राहिला. ठेवायची कुठे? शेवटी आपल्या सेफ्टी बेल्टला अडकवली. मग तार मागितली, तारेची पिशवी गेली. मग पक्कड बदलून मागितली, वाघाच्या पट्ट्यांची गेली. पंचवीस मिनिटांनी काम करून तो खाली उतरला तेव्हा त्याच्या कमरेला तीन पिशव्या लटकत होत्या, आणि पाणी पिऊन झालं तरी त्यानं त्या काढल्या नाहीत.

"उत्तम," ठवकर साहेब म्हणाले. "अंकुश लोखंडे पास. बाईंचं साहित्य पण एक नंबर. आण्णा, दुसरा खांब तुम्ही आटपून टाका, मग निघू."

"माझी चाचणी राहिली साहेब," मी म्हटलं.

"झाली ना. आता तर केली तुम्ही."

"साहेब, तुमच्या कागदावर काय लिहिलंय? खांबावरची चाचणी का खांबाखालची?"

त्यांनी पॅडवरचा कागद वर केला, खाली केला. मग हळूच म्हणाले, "खांबावरची."

"मग?"

त्यांनी आण्णांकडे बघितलं. टोळीचा प्रमुख हो म्हणाल्याशिवाय कुणी चढत नाही, हा नियम, आणि तो बरोबरच आहे. आण्णा रिकामी पिशवी काखेत धरून उभे होते. बागेतली फवारणी करणारी चार माणसं काम सोडून कुंपणापाशी आली होती.

"नाही," आण्णा म्हणाले.

"का नाही?"

"अगं, तुला स्टोअर मिळवून दिलं मी. साहेबांच्या मागं लागून मिळवून दिलं. लोक पाया पडतात त्या जागेसाठी."

"मी मागितलं होतं?"

"तू पडलीस तर गाव मला काय म्हणंल? बाईला चढवली म्हणून माझ्या तोंडात शेण घालतील."

"आणि अंकुश पडला असता तर?"

आण्णांनी पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"सांगा ना आण्णा. आत्ता तो वर होता तेव्हा तुम्ही गाव काय म्हणेल म्हणून घाबरला होतात? त्याचं हाड मोडलं तर चालतं, माझं मोडलं तर तुमची अब्रू जाते. मग हाड माझं आहे का तुमचं?"

"जीभ आवर."

"अडीच वर्षं आवरली. तुम्ही माणूस वाईट नाही, म्हणून आवरली. तुम्ही मला कधी वंगाळ बोलला नाहीत, डबा उघडलात की आधी मला भाकरी दिलीत. पण खांब दिला नाहीत आण्णा. मी पिशवी नीट लावली, तर तुम्ही मला पिशवीलाच बांधून ठेवलंत. आता मी ती मोडली. परत लावणार नाही. स्टोअरला पाठवलंत तर तिथंही लावणार नाही, मेमो द्या, घरी पाठवा."

माझा आवाज चढला होता. ठवकर साहेब पॅडकडे बघत होते. अंकुश मध्येच म्हणाला, "आण्णा, तिला दाखला आहे चढायचा. माझ्यासोबतच मिळालाय."

"तू गप बस!" आण्णा त्याच्यावर खेकसले. पण त्याच्या कमरेच्या वाघाकडे बघून मिशीचं टोक त्यांच्या तोंडातून सुटलं. त्यांनी त्या दुसऱ्या खांबाकडे बघितलं. मग त्यांनी पिशवी खाली जमिनीवर टाकली, शिडी उचलली, खांबाला लावली आणि दोन वेळा हलवून बघितली.

"सेफ्टी बेल्ट आधी अडकवायचा. मग दुसरं काहीही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

अंकुशनं आपला सेफ्टी बेल्ट काढून मला दिला, तिन्ही पिशव्या माझ्या पट्ट्याला लावल्या आणि मी चढले.

कडुलिंब वेगळा आणि खांब वेगळा, हे मला सातव्या पायरीला कळलं. झाडाला फांद्या असतात, पानं असतात, खालचं सगळं दिसत नाही. खांबावर नुसतं ऊन आणि वारा. खोटं कशाला बोलू, घाबरले. चांगलीच घाबरले. बेल्ट अडकवला, ओढून बघितला, परत ओढून बघितला. कुंपणापाशी कुणीतरी म्हणालं, "बाई थांबली रं," आणि मला एवढा राग आला की भीती जरा मागं सरली.

मी मागे हात नेला. दोन गाठी, तारेची पिशवी. बटण, पक्कड. लाइनची तार इन्सुलेटरला बांधून ठेवणारं जुनं वेटोळं मी कापायला घेतलं. तीन वर्षांची गंजलेली तार, सुटता सुटेना. नट तर असा बसला होता की पाना दोनदा निसटला. पण एकदाही मी खाली काही मागितलं नाही. जुना इन्सुलेटर दोरानं खाली सोडला आणि ओरडले, "नवा पाठवा!" तो जड असतो, कुणाच्याही कमरेला मावत नाही, तो दोरानंच चढायचा. खाली आण्णांनी स्वतः वाकून तो बांधला. गाठ मारून परत ओढून बघितली.

नवा बसवून तार बांधायला घेतली तर पहिली बांधणी चुकली. माझ्याच डोळ्यांना दिसलं, सैल आहे. तशीच ठेवली असती तर खालून कुणाला कळलंही नसतं. मी सगळी सोडवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"डावीकडनं घे! डावीकडनं!" आण्णा ओरडले.

"दिसतंय मला आण्णा!"

"दिसतंय तर मग घे की!"

"घेतीय!"

घामानं डोळे चुरचुरत होते, हातमोज्यात बोटं भिजली होती. शेवटचा पीळ दिला, पक्कड परत ठेवली, बटण दाबलं. मग मिनिटभर नुसती थांबले. वरून बाग दिसत होती, बागेपलीकडे आमचं गाव, आणि तिथपर्यंत एकामागं एक खांब गेलेले. बेल्ट सोडला आणि एकेक पायरी करत उतरले.

कुंपणापाशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तसलं काही झालं नाही. एक जण म्हणाला, "चढली की रं," आणि माणसं फवारणीला परत गेली. आण्णा स्वतः शिडीनं वर गेले, बांधणी हातानं हलवून बघितली आणि खाली आले. ठवकर साहेबांनी मोबाइल बघितला.

"बांधणी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"घट्ट आहे," आण्णा म्हणाले.

"काम बरोबर आहे बाई. पण एक्केचाळीस मिनिटं लागली. अंकुशला पंचवीस. ते मला लिहावं लागेल, वरचे साहेब विचारतात. कारण काय लिहू?"

पाण्याची बाटली अंकुशनं पुढे केली, पण मी आधी बोलले.

"एक्केचाळीस मिनिटं नाही साहेब. नीट लिहा. अडीच वर्षं आणि एक्केचाळीस मिनिटं. सेक्शनला आल्यापासून आज पहिल्यांदा खांबाला हात लावला मी. लिहायचाच असेल तर सगळा वेळ लिहा."

ठवकर साहेबांचं पेन तसंच राहिलं. त्यांना हसावं की रागवावं ते कळत नव्हतं. त्यांनी पुन्हा आण्णांकडे बघितलं. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला, खाली वाकून ती खाकी पिशवी उचलली आणि तिच्यावरची माती झटकली.

"लिहा साहेब," ते म्हणाले. "ती म्हणते तसंच लिहा. एक्केचाळीस मिनिटं तिच्या नावावर, आणि अडीच वर्षं माझ्या."